तक्रार: निरंक

भूकंपानंतर आम्हाला जे घर मिळालं, त्याच्या मोरीचा उतार आतल्या बाजूला होता. अंघोळ केली की पाणी बाहेरच्या नळीकडे जायच्या ऐवजी उंबरा ओलांडून स्वयंपाकाच्या खोलीत यायचं. आईच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिने मोरीच्या तोंडाशी विटेचा तुकडा ठेवला, त्यावर जुनं पोतं टाकलं, आणि तरी आत आलेलं पाणी खराट्याने उलटं लोटायला लागली.

आठवड्याभराने घरं बांधून देणाऱ्या संस्थेचा एक माणूस फॉर्म घेऊन गल्लीत आला. काही तक्रार आहे का, असं दारोदार विचारत होता. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "न्हाई बाबा, लई चांगलं हाय घर. देव भलं करो तुमचं," म्हणाली. त्याने रकान्यात लिहिलं, 'तक्रार: निरंक'. आईने खाली सही केली आणि तिच्या ओल्या बोटाचा डाग कागदावर उमटला.

तो पुढच्या दारात गेल्यावर मी म्हटलं, "आये, मोरीचं का न्हाई सांगितलंस?"

"धर्माची गाय अन् दात का न्हाईत, असं इचारत न्हाईत," आई म्हणाली. "लोकांनी उघड्यावरनं उचलून छताखाली आणलं आपल्याला. वरून त्यांच्या चुका काढू?"

आमच्या अख्ख्या गल्लीने निरंक लिहून दिलं. सगळ्यांच्या मोऱ्या आत उताराच्या, सगळ्यांच्या घरात पोती. पुढच्या वर्षी मागची गल्ली बांधून झाली. गवंडी तेच, नकाशा तोच. त्या मोऱ्यांचा उतारही आतच. आम्ही पोरी तेव्हा या गोष्टीला खूप हसायचो.

मी जात्याच काळजीखोर आहे, की भूकंपाने मला तसं केलं, हे सांगता येत नाही. आई म्हणते, मी पाळण्यातही दचकायची. पण भूकंपानंतर मात्र कुठेही गेले तरी मी आधी दार शोधते आणि दाराजवळ बसते. लातूरला नोकरीला आले तेव्हा क्लासच्या सरांनी मला आतली, पंख्याखालची जागा दिली होती. मी दुसऱ्याच दिवशी टेबल ओढून दाराशी नेलं. सर हसले. मला हसू आलं नाही.

माझं काम डीटीपीचं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. बारावीचे, सीईटीचे, नंतर स्पर्धा परीक्षांचे. बाहेरगावची पोरं पोरी खोल्या करून राहायची, मेसचे डबे सायकलवरून फिरायचे, आणि झेरॉक्सच्या दुकानांत दुपारच्या वेळी उभं राहायला जागा नसायची. त्या झेरॉक्सच्या मुळाशी कुठेतरी मी होते. सर हाताने लिहून द्यायचे, मी टाइप करायची, पानं लावायची. सरांच्या नोट्समध्ये चुका असत. पोरांना त्या दिसत. पण सरांना सांगायची छाती कुणाची? पोरं आपापल्या प्रतीवर पेनाने दुरुस्ती करायची आणि गप्प बसायची. पुढच्या वर्षी मी तीच फाइल पुन्हा छापायची.

आपा, तिला सगळे असंच म्हणायचे, पहिल्यांदा आली ती या नोट्ससाठी. गंजगोलाईच्या बाजारामागे तिच्या भावाचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, वर घर. तिशीच्या पुढची बाई, अंगावर नीट इस्त्री केलेला सलवार कुर्ता, हातात पांढरी काठी. लहानपणीच्या आजारात तिची नजर गेलेली. सरकारी कार्यालयातल्या जागेसाठी परीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीमुळे ही बहुतेक शेवटचीच संधी, असं तिने सरांना स्पष्ट सांगितलं. सर चांगले होते. नोट्सचा गठ्ठा त्यांनी तसाच तिच्या हातात दिला आणि मग अवघडून म्हणाले, "पण वाचून कोण दाखवणार?"

"ते मी बघते," आपा म्हणाली. आणि मग माझ्या टेबलाच्या दिशेने तोंड करून, "ही टकटक करणारी कोण हाय? हिचा आवाज कसा हाय?"

अशी मी तिला वाचून दाखवायला लागले. आधी टेपवर. क्लास सुटल्यावर तिच्या घरी बसायचं, एकेक पान वाचायचं, बाहेर भोंगा वाजला की पुन्हा मागे जायचं. महिनाभरात माझा घसा बसला आणि जेमतेम सातातला एक भाग झाला. मला धडकीच भरली. असं तर परीक्षेपर्यंत अर्धंही होणार नव्हतं.

संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, आणि तो फुकट मिळतो, हे मला सायबर कॅफेत कळलं. मराठी वाचायला तो नुकताच शिकत होता. मला आधी खरंच वाटेना. फुकट म्हणजे काय? कोण देतं? का देतं? मी त्याच्या पानावर जाऊन, शेजारी डिक्शनरी ठेवून, सगळं वाचून काढलं. प्रोग्राम कुणा एकाचा नव्हता. जगभरचे लोक सुट्टीच्या दिवशी बसून तो लिहीत होते, आणि कुणीही त्यात हात लावू शकत होतं. तिथे एक मजकूर होता, तो मी वहीत उतरवून घेतला. त्याचा अर्थ साधारण असा: तुम्हाला प्रोग्राम लिहिता येत नसेल तरी चालेल. वापरा. आपल्या भाषेत आणा. शेजाऱ्याला शिकवा. नवीन माणसाने प्रश्न विचारला तर उत्तर द्या. आणि काही बिघडलं दिसलं, तर आम्हाला सांगा.

शेवटची ओळ वाचून मी मनात म्हटलं, हे काम आपल्याच्याने होणार नाही. बाकीचं मात्र करू.

आणि बाकीचं मी केलं, हे मला आजही थोडं अभिमानाने सांगावंसं वाटतं. प्रोग्रामच्या सूचनांतले इंग्रजी शब्द मी मराठीत आणले. आम्हा मराठी करणाऱ्यांचा मेलवर एक गट होता, त्यातले पुण्याचे एक गृहस्थ प्रत्येक शब्द संस्कृतात बुडवून काढायचे. मी तो शब्द आपाला ऐकवायची, ती म्हणायची, "हे काय मंत्र म्हणून राहिला का गं तो?" आणि मी गटाला नम्रपणे कळवायची की वापरणाऱ्यांना हा शब्द जड जातोय. मी चार पानांची मदतपुस्तिका लिहिली, कुठली कळ दाबली की काय होतं ती. सीड्या करून एसटीच्या पार्सलने उमरीला, अहमदपूरला पाठवल्या. उमरीचे एक शिक्षक दृष्टिहीन मुलांना शिकवायचे, त्यांच्या प्रश्नांना मेलवर उत्तरं दिली. उत्तर पाठवलं की दोन दिवस मी तेच पुन्हा पुन्हा वाचायची. चुकलं असेल का? लोक हसतील का? प्रोग्राम सांभाळणारा माणूस परदेशात कुठेतरी होता. त्याने एकदा सगळ्यांसमोर माझे आभार मानले. तो मेल मी छापून पर्समध्ये ठेवला होता.

नवी आवृत्ती यायच्या आधी तो आम्हा सगळ्यांना ती तपासायला द्यायचा. आम्ही वापरून बघायची आणि कळवायचं. त्यासाठी एक फॉर्म होता. काय केलंत, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं.

असंच एकदा तपासताना मी पडद्यावर नजर ठेवून ऐकत होते. तिसरं पान संपलं, चौथं सुरू झालं, आणि मला वाटलं, मधली एक ओळ गेली. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. परिच्छेद एका पानावर अर्धा आणि दुसऱ्या पानावर अर्धा असेल, तर तुटायच्या आधीची शेवटची ओळ प्रोग्राम गिळत होता. न अडखळता, न थांबता. ज्याला पडदा दिसत नाही त्याला कळलंही नसतं.

मी फॉर्म उघडला. 'काय झालं' या रकान्यावर किती वेळ बसले होते, आठवत नाही. माझ्या मनात सगळं एकदम आलं. पानं तर मीच लावते, माझ्याच लावण्यात काही खोट असेल. आपण कोण? लातूरच्या एका क्लासात टाइप करणारी बाई. तो माणूस आपले रविवार घालून हे करतोय, एक पैसा न घेता. त्याने आपले आभार मानलेत. आणि आपण त्याला सांगायचं, तुझ्या कामात खोट आहे? बाकीचे तपासणारे तर 'छान', 'अप्रतिम' लिहीत होते. मी लिहिलं, "उत्तम चालतंय. आम्ही सगळे आपले ऋणी आहोत."

फॉर्म पाठवल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग मी ते विसरले. हेही पूर्ण खरं नाही. मी ते मनाच्या मागच्या खोलीत सारलं. क्वचितच होत असेल, पुढच्या आवृत्तीत आपोआप नीट होईल, असं स्वतःला सांगितलं. आपाच्या भावाने जुना संगणक घेतला, मी त्यावर सगळ्या नोट्स घातल्या, एकशेवीसच्या वर पानं. हेडफोन लावून आपा दिवसभर ऐकायला लागली. चार महिने ती ऐकत होती. तिची पाठांतराची ताकद दांडगी. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे, आणि तिसऱ्यांदा ऐकलेलं तर झोपेतही सांगायची.

परीक्षा नांदेडला, रविवारी होती. लेखनिक केंद्रावरच मिळणार होता. आदल्या गुरुवारी दुपारी मी तिला प्रश्न विचारायला बसले. ती खुशीत होती. समोर चहा, भावाच्या दुकानातून घड्याळांची टिकटिक वर येत होती.

"जीवनसत्त्वं सांगा आपा."

तिने घडाघडा सांगितलं. अ कशाला, ब कशाला, क, ड, ई. आणि थांबली.

"आणि रक्त गोठायला कुठलं लागतं?"

"ते न्हाई त्याच्यात."

"आहे आपा. के जीवनसत्त्व."

"तुझ्या नोट्समधी न्हाई," ती ठासून म्हणाली. "तीन बार ऐकलं मी. ई झालं की खनिजं सुरू होतात."

मी फाइल उघडली. के जीवनसत्त्व होतं. पानाच्या शेवटच्या ओळीवर.

जमीन हलली की आधी पायाला कळतं, डोक्याला नंतर. मला तेव्हा तसंच झालं. हातातला कप मी खाली ठेवला आणि पुढची पानं सरकवून बघितली. एकशेवीस पानं. त्यातल्या निम्म्याहून जास्त पानांवर एकेक ओळ गेलेली. कुठे कलम, कुठे नदी, कुठे सन. तिच्या डोक्यात चार महिने जे पक्कं बसत होतं, त्यात इतकी भोकं होती आणि त्यातलं एकही तिला माहीत नव्हतं.

"काय झालं गं?" आपाने विचारलं.

"काही नाही. ती ओळ टाइप करायची राहिली असेल माझ्याकडून," मी म्हटलं.

हे माझं दुसरं खोटं. पहिलं लाजेपोटी होतं, हे भीतीपोटी. तिचा शेवटचा चान्स, आणि तो माझ्या एका 'उत्तम'ने घालवला असेल, तर मी काय करणार होते? घरी जाताना मला रस्ता दिसत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी रजा टाकली आणि सायबर कॅफेत जाऊन बसले. दाराजवळच. फॉर्म उघडला. काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे तिन्ही रकाने भरले. खाली अजून एक रकाना होता, आधी कधी मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. 'हे पहिल्यांदा कधी आढळलं?'

काल, असं लिहिता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण मला आईचा ओला हात आणि तो कागदावरचा डाग आठवला, आणि मागच्या गल्लीतल्या मोऱ्या आठवल्या. आणि स्वतःचा असा राग आला, की मी जरा जोरातच कळा दाबल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला लागला. मी लिहिलं, "चार महिन्यांपूर्वी. तेव्हा मी कळवलं नाही. भीड पडली."

पाठवून दिलं आणि घरी न जाता क्लासमध्ये गेले. छापील प्रत काढली, एकेक पान उलटत ज्या ज्या पानावर परिच्छेद तुटला होता त्या त्या पानाची शेवटची ओळ वहीत उतरवली. ऐंशीच्या वर ओळी भरल्या. नुसत्या ओळी, मागचापुढचा संदर्भ नाही. संध्याकाळी पुन्हा मेल बघितला. परदेशातून काही नव्हतं. पण फॉर्म गटातल्या सगळ्यांना दिसायचा, आणि उमरीच्या शिक्षकांचं उत्तर गटावर आलं होतं. "आमच्याकडेही असंच होतं, ताई. सुरुवातीपासून. आम्हाला वाटलं, आमचंच काही चुकतंय. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची म्हणून बोललो नाही." त्याखाली अजून दोघांचं तेच.

मला जरा धीर यायला हवा होता. उलट वाईट वाटलं. अख्खी गल्ली पुन्हा निरंक लिहून मोकळी झाली होती.

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी नांदेडला निघालो. आपाच्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, मुक्काम होता. खिडकीची जागा मी तिला दिली, कारण तिला वारा लागतो आणि मला दाराकडची बाजू लागते. लातूर मागे पडेपर्यंत मी वही पर्समधून काढली नाही. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. शेवटी मी म्हटलं, "आपा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," आणि सगळं सांगून टाकलं. गिळलेल्या ओळी, ते 'उत्तम', गुरुवारची थाप. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते. तिला ते कळणार नव्हतं, तरी.

तिने मांडीवरची काठी सरळ केली. मग म्हणाली, "मला दिसत न्हाई. तू माझ्या वाटचं बघून राहिली होतीस. तूच डोळे झाकलेस तर मी काय करू?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. कंडक्टर तिकिटं फाडत आला, आमच्याकडे बघून पुढे गेला.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. आपाने पाण्याची बाटली मागितली, दोन घोट प्यायली, आणि खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "एक मी बी सांगते. मला कळत होतं काहीतरी."

"काय?"

"वाक्य तुटायचं. चालता चालता दुसरंच सुरू व्हायचं. किती बार झालं तसं. मला वाटलं, पोरगी दिवसभर कामाला, दमून टाइप करून राहिली, सुटत असंल एखादी ओळ. फुकटात करून राहिली माझ्यासाठी. तिला कसं म्हणू, तुझं चुकलं म्हणून? म्हटलं, जाऊ दे."

मी त्या परदेशी माणसाची भीड ठेवली, आणि हिने माझी ठेवली. दोघी अगदी सभ्य, आणि दोघींच्या सभ्यपणात हिचा अभ्यास बुडाला.

"लई शहाण्या हावोत आपण," आपा म्हणाली. मग हात पुढे करून, "वही आणलीस का? का ती बी न्हाई?"

"आणली."

"मग वाच ना. नांदेडपतूर किती हुतंय बघू."

मी वाचायला लागले. एक ओळ वाचायची, ती मागची ओळ आठवून सांगायची, मग दोन्ही जोडून पुन्हा म्हणायची. गाडीच्या आवाजावर मला ओरडावं लागत होतं. पुढच्या बाकावरच्या एक मावशी, भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन, कान देऊन ऐकत होत्या. त्या लोह्याला उतरायच्या आधी मी आपाला उलटा प्रश्न टाकला, रक्त गोठायला काय लागतं? आपा तोंड उघडते तोवर मावशीच म्हणाल्या, "के!" दोन दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो. पण हसता हसताही मी वही बघत होते. अजून तीस ओळी होत्या आणि लोहा मागे पडला होता.

नांदेडच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा सात ओळी उरल्या होत्या. त्या आम्ही स्टँडच्या बाकावर बसून संपवल्या. त्यातल्या किती तिच्या डोक्यात राहतील, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

रविवारी मी केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी होते. आपा बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुझ्या वहीतल्या तीन आल्या. दोन आठवल्या."

"आणि तिसरी?"

"आठवली असती तर दोन म्हटलं असतं का?"

सोमवारी परदेशातून उत्तर आलं होतं. मी ते भीतभीत उघडलं. रागाचा एक शब्दही नव्हता. हा दोष इतके दिवस होता आणि कुणीच कळवला नव्हता, असं त्याने लिहिलं होतं. दोष सापडला होता, दुरुस्ती झाली होती, ती तपासायला हवी होती. शेवटी एकच वाक्य होतं. तुम्ही तेव्हाच कळवलं असतंत तर तेव्हाच झालं असतं, दोन दिवसांचं तर काम होतं.

त्याने ते सहज लिहिलं असणार. मला ते अजून पाठ आहे.

दुरुस्त केलेला प्रोग्राम मी आपाच्या संगणकावर घातला. तीच फाइल, तेच पान. ई झालं, आणि मग सपाट, निर्विकार आवाजात तो म्हणाला, के जीवनसत्त्व रक्त गोठण्यास आवश्यक असते. मी लगेच फॉर्म उघडून 'उत्तम' लिहायला गेले. आपाने माझा हात पकडला. "थांब. पुढची पानं झाली का ऐकून?" बाविसाव्या पानावर तिला अजून एक चूक सापडली, तक्त्यातले आकडे तो उलट्या क्रमाने वाचत होता. तिने सांगितलं, मी लिहिलं. नंतरच्या आठवड्यात तिने अजून चार काढल्या. गटावर तिच्या नावाचा धाक बसायला लागला. पुण्याच्या गृहस्थांनी एकदा मला विचारलं, या बाई फार कडक आहेत का?

त्या दिवाळीला मी गावी गेले तेव्हा आई खराटा घेऊन मोरीचं पाणी उलटं लोटत होती. मी म्हटलं, "आये, त्या माणसाला तेव्हा सांगायला हवं होतंस." ती म्हणाली, "आता कुणाला सांगू? बांधणारे गेले की." पोतं तेवढं नवं होतं.

निकाल मार्चमध्ये लागला. मी आणि आपा सायबर कॅफेत गेलो. यादी लांबलचक होती. आपा शेजारी काठी मांडीवर घेऊन बसली होती आणि मी बोट लावून एकेक नाव बघत होते. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मला मधेच कळून चुकलं होतं, तरी मी खाली खाली जात राहिले. मनात वाक्यं जुळवत होते. यादी अर्धवट असेल, दुसरी लागेल, अजून काही सांगता येत नाही. तिला जरा बरं वाटावं अशी किती वाक्यं मला येत होती!

"झाली?" आपाने विचारलं.

"झाली."

"शेवटच्या ओळीपतूर वाचलीस?"

"हो."

"न्हाई ना?"

माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. मी म्हटलं, "नाही आपा. तुमचं नाव नाही."

तिने मान हलवली. एकदा नाक ओढलं, ओढणीने तोंड पुसलं. त्या न आठवलेल्या तिसऱ्या प्रश्नाने गेलं की आणखी कशाने, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याची टोचणी जाणार नाही. मी तिचा हात धरायला गेले. तो तिने सोडवला नाही.

मग ती म्हणाली, "आज खरं वाचलंस." आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेत म्हणाली, "उघड तो फॉर्म. असली यादी त्या प्रोग्रामला धड वाचता येत न्हाई. भावाने आणलेली मागल्या सालची यादी घरून निघताना लावून बघितली मी. प्रत्येक पानावर अडकतो."

मी फॉर्म उघडला. तिने सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहीत गेले.